तुमची माहिती गुप्त राहील

“मापं मोठ्यानं सांगायची नसत्यात,” हे काकूंचं ठरलेलं वाक्य. दर जूनमध्ये त्या मुलींच्या गणवेशाची मापं घ्यायला आमच्या कराडच्या शाळेत यायच्या. मुलांचे शिंपी हॉलच्या मधोमध उभे राहून छाती, कंबर ओरडून सांगायचे आणि त्यांचा माणूस लिहून घ्यायचा. काकू मात्र एकेका मुलीला पडद्यामागं न्यायच्या, टेप लावायच्या आणि कानावरची पेन्सिल काढून आकडा स्वतः लिहायच्या. एकदा खेळाचे सर म्हणाले, “काकू, असं केलंत तर दिवाळी उजाडेल.” त्या म्हणाल्या, “उजाडू द्या. फराळाला या.”

मी त्या शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. फारशी बोलत नाही. “हिच्या तोंडाला हुकं बसवल्यात,” असं म्हणत काकू माझ्याच टेबलाशी चहा प्यायच्या. त्यांची मुलगी आमच्याकडे नववीत होती, नवरा मुंबईत. त्याच्याबद्दल त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी मुलांच्या मानसिक आरोग्याची पाहणी आली. प्रश्न इंग्रजीत होते. मी इंग्रजी माध्यमातली, म्हणून मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. झोप लागते का, रडू येतं का, घरी कुणाची भीती वाटते का. वर एक ओळ होती, तीही मीच लिहिली: ‘तुमची माहिती गुप्त राहील.’ नाव लिहायचं नव्हतं. पण आमच्या शाळेत रोल नंबरच्या चौकटीशिवाय कागद छापलाच जात नाही. मी नेहमीच्या नमुन्यावर प्रश्न चिकटवले आणि चौकट तशीच राहिली. पालकांना कुणी विचारलं नाही. सहलीला न्यायला आम्हाला त्यांची सही लागते; मुलांच्या मनात शिरायला लागत नाही.

पुढच्या पालकसभेत वर्गशिक्षक ते कागद हातात घेऊन उभे राहिले. नाव घ्यायचं नाही, एवढं त्यांच्या लक्षात होतं. “आता रोल नंबर सतरा,” ते म्हणाले आणि एका मुलीनं वडिलांबद्दल लिहिलेलं वाक्य वाचून दाखवलं. ते मी इथं पुन्हा लिहिणार नाही. वडील घरी आले की काय होतं, तेवढंच त्यात होतं.

पालकांच्या खुर्च्यांवर रोल नंबर चिकटवलेले होते. माना वळल्या. सतरा नंबरच्या खुर्चीवर काकू होत्या. दोन रांगा मागं त्यांचे दीर. दिरांचा मुलगा त्याच वर्गात.

काकू उठल्या. “सर, हे वाचायला कुणी सांगितलं तुमाला?”

“अहो, आम्ही नाव कुठं घेतलं? मुलांच्या भल्यासाठीच तर—”

“पोरीनं मला सुदीक सांगितलं न्हवतं. तुमाला इश्वासानं लिहून दिलं. आन तुमी पंगतीत वाढल्यागत सगळ्यास्नी वाढलं?”

“हे आपण नंतर ऑफिसात बोलू,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. तुम्हीही अशा सभांना बसला असाल. नंतर म्हटलं की विषय संपतो. मी मागं हजेरीपट घेऊन बसले होते. चौकट माझी होती. मी उठले नाही.

दिरांनी त्याच दिवशी मुंबईला फोन लावला. शनिवारी नवरा आला. सोमवारी काकू मुलीला घेऊन ऑफिसात आल्या, तेव्हा मुलीचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

“दाखला द्या. सांगलीला माझ्या माहेरी चाललोय आमी.”

“काकू, आमचा हेतू चांगला होता हो,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“हेतूनं हाड जुळतंय व्हय?”

दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, “घरगुती कारण, असं टाका.”

माझी बोटं थांबली. “घरगुती नाहीये, मॅडम,” मी म्हटलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. “चौकट मी ठेवली. सभेत वाचलं शाळेनं.”

त्यांचा चेहरा लाल झाला. काकूंनी हातानं मला थांबवलं. “तिला इचार. दाखला तिचा हाय.”

मुलीनं स्क्रीनवरचा रकाना वाचला. मग म्हणाली, “रिकामं ठेवा.”

मी तसाच छापला. मुख्याध्यापिकांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि सही केली.

काकूंनी दप्तर आणि पिशव्या उचलल्या. दाखला मुलीनं चांगल्या हातात धरला होता. फाटकातून बाहेर पडेपर्यंत काकूंनी तो तिच्याकडं मागितला नाही.