लाल पडद्यापुढे पप्पा

“अहो, चेहरा आधी उरका. भाऊजी किती दिवस बसतील, काय सांगावं,” काकू पडवीत काकांना म्हणाली. चहाचा ट्रे घेऊन मी दारात दिसले, तशी ती पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरींवर बोलायला लागली.

काका शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांच्यासाठी मी पुण्याहून कॉलेजच्या लायब्ररीतलं जुन्या अमेरिकन चित्रांचं पुस्तक आणलं होतं. इंग्रजी मजकूर मी त्यांना मराठीत सांगायचे. एका चित्रकाराने आपल्या भावाला लाल पडद्यापुढे बसवून त्याचं चित्र काढलं होतं. भाऊ तेव्हा आजारी होता, आणि कॅमेरा यायच्या आधी माणसाचा चेहरा घरात ठेवायचा तो एकच मार्ग होता, असं खाली लिहिलेलं. मी ते वाचून दाखवलं आणि काकांनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीचा लाल पडदा पडवीत टांगला आणि पप्पांना खुर्चीत बसवलं.

तेव्हा मला गंमत वाटली होती. काकूचं बोलणं ऐकल्यावर मात्र एकेक गोष्ट आठवायला लागली. पंपाचा पार्ट आणायला म्हणून पप्पा महिन्यात दोनदा पनवेलला जाऊन आले होते. वाडीतला पंप अजून बंदच होता. त्यांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं. काही विचारलं की विषय माझ्या परीक्षेवर जायचा.

कप ठेवून मी काकांच्या मागे उभी राहिले. कॅनव्हासवर पप्पांचे गाल भरलेले होते, कॉलर गळ्याला घट्ट बसलेली. खुर्चीतल्या पप्पांच्या कॉलरमध्ये माझी चार बोटं सहज गेली असती.

“पोट तेवढं कमी काढ रे,” पप्पा काकांना म्हणाले.

हा त्यांचा जुना विनोद. पोट आता उरलंच नव्हतं. काका हसले नाहीत, ब्रश टर्पेंटाइनच्या बाटलीत ढवळत राहिले. काकूने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मी फारसं बोलत नाही, हे घरात सगळ्यांना सोयीचं पडतं. रिकामा ट्रे छातीशी धरून मी म्हणाले, “काका, गळा आत्ता आहे तसाच काढा. आणि पप्पा, पुढच्या वेळी पनवेलला मी येणार.”