अक्काचा डोंगर

वीणाचा फोन आला तेव्हा मी म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. "मामा, आई गेली..." एवढंच ती बोलली. त्याला काही आठवडे झाले, पण अजून माझा पाय एका जागी ठरत नाही. बसलो की उठतो, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही.

अक्का माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यावर लेकीकडे कॅनडाला गेली. तोवरचा जन्म सगळा म्हैसुरात. इथं रस्ते कोण ध्यानात ठेवतो? मान वर करून चामुंडीचा डोंगर कुठल्या हाताला आहे ते बघायचं आणि चालू पडायचं. अक्का तर डोंगराला हात जोडल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायची नाही. आणि लेकीचं ते कॅनडातलं शहर पोळपाटासारखं सपाट! लेक-जावई दिवसभर ऑफिसात. हिंडणं बंद झालं तर ही बाई खंगून जाईल, याची मला धास्ती होती.

मी तिकडं गेलो, तर अक्का दारात उभी राहून लांबच्या एका बांधकामावरच्या उंच पिवळ्या क्रेनला हात जोडतेय! "तोच माझा डोंगर रे," ती म्हणाली, "डाव्या हाताला आला की बसमधनं उतरायचं." मी पोट धरून हसलो. पण त्या क्रेनच्या भरवशावर ती बाजार, वाचनालय, सगळं एकटी करायची.

एकदा आम्ही दोघं बाजारातून परतत होतो. अक्का खिडकीला नाक लावून बसलेली, आणि क्रेन काही येईना. काम संपलं म्हणून आदल्याच दिवशी ती काढून नेली होती. सकाळच्या धुक्यात आमच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरनं आम्हाला उतरवलं. अक्कानं माझा हात घट्ट धरला. तिला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मी फोन केल्यावर वीणा गाडी घेऊन आली ती संतापूनच. "आई, यापुढं एकटी जायचं नाही. बेडा, नको म्हणजे नको!" मला वाटलं, संपलं आता अक्काचं हिंडणं.

दुसऱ्या दिवशी वीणा कामावर गेली आणि अक्का बूट घालून तयार. "ऊठ रे. काल उतरवलं ना, तिथनंच सुरू करू."

"वीणा ओरडेल, अक्का."

"सुम्ने इरो, गप्प बस! घरात बसायला आले का मी?"

बसनं त्या शेवटच्या थांब्यावर गेलो आणि तिथून ती चालत निघाली. दर चौकात थांबून मागं वळून बघायची, उलट येताना हे कसं दिसेल म्हणून. मी थंडीनं आणि काळजीनं कावलो होतो. घर सापडलं तेव्हा दुपार कलली होती. तिनं आपणहून वीणाला फोन लावला, "चालत आले, नोड, बघ!" शेवटच्या आजारापर्यंत ती एकटीच हिंडली.

आमच्या मागच्या गल्लीत आता मोठी इमारत उठतेय. गच्चीवरून दिसणारा डोंगर तिनं झाकून टाकला, म्हणून मी रोज चडफडतो. परवाही चडफडतच मान वर केली, तर इमारतीच्या डोक्यावर क्रेन उभी होती. पिवळी...

हातातला ओला टॉवेल मी खांद्यावर टाकला आणि हात जोडले.