चोऱ्या थांबल्या तो उन्हाळा

त्या चोऱ्या नेमक्या कधी सुरू झाल्या ते आता सांगता येणार नाही. कधी थांबल्या ते मात्र विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. नोकरीची मुदत संपायच्या आधीच मी पोलीस खातं सोडलं. विचारणाऱ्यांना मी तब्येतीचं कारण सांगत आलो आहे. तब्येत ठीक होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. चौऱ्याऐंशीच्या दंगलीची आठवण लोकांच्या मनातून गेलेली नव्हती. वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बसू लागल्या होत्या. पोलीस आणि नागरिक एका सतरंजीवर बसायचे, चहा व्हायचा, तक्रारी व्हायच्या. आमच्या समितीत एक वयस्क कोकणी मुसलमान लूममालक, म्हणजे यंत्रमागांचे मालक, होते. त्यांना सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणायचो. चाचा थोडं बोलायचे, पण ते बोलले की वस्तीचं मत ठरायचं.

चोऱ्या होत्या मोटारींच्या, म्हणजे लूम चालवणाऱ्या विजेच्या मोटारींच्या. शुक्रवारी लूमला सुट्टी. आठवडाभर रात्रंदिवस खटखटणारं गाव त्या दिवशी गप्प व्हायचं, कामगार खोल्यांवर झोपायचे, आणि कुठल्या तरी बंद गाळ्याचं कुलूप तुटायचं. चोर पट्टा उतरवायचा, बोल्ट सोडायचा आणि पट्ट्याची गुंडाळी करून ती लूमवर ठेवून जायचा. ती गुंडाळी बघितली की मालकाचा संताप दुप्पट व्हायचा. एक जण मला म्हणाला, "साहेब, चोर आहे का जावई? एवढं नीटनेटकं तर माझे कामगार ठेवत नाहीत."

मोटार गेली की लूम बंद, लूम बंद की कामगार बसून. शिवाय कोणी चोरी केली यावरून गाळ्यागाळ्यात संशय वाढायचा, आणि भिवंडीत तेव्हा संशयाला कुठलं वळण लागेल याचा भरवसा नव्हता. दर महिन्याच्या आढावा बैठकीत आमच्या ठाण्याचा आकडा वाचला जायचा तेव्हा मी मान खाली घालून बसायचो. वरिष्ठ म्हणायचे, "बाकी सगळं सोडा, मला आकडा खाली आलेला दाखवा."

माझा एक खबरी होता. गाळ्यांच्या तोंडाशी त्याची चहाची टपरी. पूर्वी तोही लूम चालवायचा, मग पाठीचं दुखणं झालं म्हणून टपरी टाकली, असं सांगायचा. उत्तरेकडचा माणूस, बोलायला गोड. एप्रिल संपताना तो ठाण्याच्या मागच्या दाराने आला.

"साहब, आप चोर ढूँढ रहे हो गल्ली में. चोर बैठा है टेमघर में."

भिवंडीच्याच टेमघर भागात मोटार वाइंडिंगचं एक लहानसं दुकान होतं. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची, हे त्याचं काम. दुकानदार इथलाच, बौद्ध कुटुंबातला. वडील नगरपालिकेत नोकरीला होते. हा धंद्यात पडलेला त्या घरातला पहिलाच. प्रत्येक गाळ्यात त्याची ये-जा होती.

"उसके घर में तांबा देखो, साहब. फिर मुझे बोलना." जाता जाता तो दारात थांबला. "मैं परसों मुलुक जा रहा हूँ. शादी है. आप उसको उठा लो, फिर देखना, एक भी चोरी नहीं होगी. लिख के देता हूँ."

मी त्याला प्रवास सुखाचा होवो म्हणालो.

दुकानावर छापा घातला. तांब्याची तार मिळाली. वाइंडिंगच्या दुकानात ती मिळणारच, हे मला तेव्हाही कळत होतं. दोन मोटारीही मिळाल्या. तो म्हणाला, "गिऱ्हाइकांच्या हायेत साहेब. दुरुस्तीला आल्यात." गिऱ्हाइकांची नावंही त्याने सांगितली. त्यातला एक मालक ठाण्यात आला, साक्षीदार व्हावं लागेल हे ऐकलं आणि "माझी नाही" म्हणून निघून गेला. दुसऱ्या मोटारीसाठी मी चोरी झालेल्या एका मालकाला बोलावलं. त्याने मोटार खालीवर करून पाहिली आणि म्हणाला, "अशीच होती." पंचनाम्यात मी लिहिलं, हीच होती.

कोठडीत त्याने काही कबूल केलं नाही. मी त्याला मारलं. किती, ते लिहीत नाही. मारलं, एवढं पुरे. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचा, "ज्यांच्या मोटारी मी चालू करतो, त्यांच्याच कशाला चोरीन साहेब?" मला ते पाठ केल्यासारखं वाटायचं. निरपराध माणूस वेगवेगळ्या तऱ्हेने सांगून बघतो, असा माझा तेव्हाचा समज होता. खरं तर खऱ्या माणसाकडे सांगायला एकच गोष्ट असते.

त्याची बायको दुपारी डबा घेऊन यायची. बाकावर बसायची, डबा आत गेला की रिकामा परत येईपर्यंत हलायची नाही. रडली नाही कधी. एकदा मला म्हणाली, "साहेब, तुमची खात्री झाली तर मला येऊन सांगा. आन नाय झाली तरी येऊन सांगा." मी कागद चाळत राहिलो.

आणि चोऱ्या थांबल्या.

पहिला शुक्रवार कोरडा गेला, दुसरा गेला, अख्खा मे महिना गेला. आढावा बैठकीत आमचा आकडा वाचल्यावर वरिष्ठांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मोहल्ला समितीने माझा सत्कार केला. चाचांनी स्वतःच्या हाताने शाल घातली. "साहेब, आता लोक शुक्रवारी निवांत झोपतात. ही तुमची मेहेरबानी."

आमच्या ठाण्यात एक मुरलेले हवालदार होते, जवळच्या शेलार गावचे. सत्काराच्या पेढ्यातला अर्धा तोंडात टाकून ते म्हणाले, "साहेब, मे महिन्यात भिवंडीत चोरी कशी व्हईल? हितले डास पण मुलखाला जातात." आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यांत जास्त हसलो.

कारण ते खरंच होतं. मेमध्ये अर्धी भिवंडी रिकामी होते. बाहेरगावचे कामगार लग्नकार्याला, शेतीला आपापल्या गावी जातात, गाळ्यांतले निम्मे लूम बंद पडतात. भिवंडीतल्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण घटलेला आकडा पाहिला आणि तो माझाच पराक्रम आहे असं मी मानलं. पुरावा म्हणून माझ्याकडे एक शांत महिना होता, दुसरं काही नव्हतं.

जूनमध्ये त्याला जामीन मिळाला. मीच सरकारी वकिलांना सांगून अट घालून घेतली, की त्याने दर शुक्रवारी दिवसभर ठाण्यात हजेरीला बसावं. सुट्टीच्या दिवशी तो नजरेसमोर राहील, एवढाच हिशेब. तो यायचा, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा, संध्याकाळी जायचा.

पाऊस लागला, गाड्या भरभरून माणसं परतली, लूम पुन्हा खटखटू लागले. आणि एका शुक्रवारी मोटार गेली. तीच पद्धत. पट्ट्याची गुंडाळी लूमवर.

लोकांनी माझ्याइतकाही वेळ घेतला नाही. जामिनावर सुटला आणि सुरू झाला, एवढंच त्यांना दिसलं. शनिवारी दुपारी जमाव टेमघरला गेला. आम्ही पोचेपर्यंत दुकानाची फळी तुटली होती, रस्त्यावर तारेची भेंडोळी पडली होती. तो आत कोपऱ्यात उभा, त्याची बायको दार अडवून उभी. तिच्या कपाळावर जखम होती. जमावातला एक जण मला पाहून म्हणाला, "साहेब, तुमचंच काम करतोय आम्ही."

 चोरी झाली तेव्हा आरोपी कुठे होता हे त्या गर्दीत फक्त मला आणि माझ्या शिपायांना माहीत होतं. तो माझ्यासमोर बाकावर बसला होता. दुपारी मी त्याला चहासुद्धा पाजला होता. चोरी झालेल्या गाळ्याच्या मालकाने दुपारच्या नमाजाआधी स्वतः कुलूप लावलेलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत ते तुटलेलं. मी जमाव पांगवला, पण का, ते सांगितलं नाही.

हवालदारांना घेऊन खोलीत बसलो. म्हटलं, "मेमध्ये चोरी का थांबली?"

"तुम्ही त्याला धरला म्हणून," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांचा स्वर बदलला. "साहेब, मी ते गमतीत बोल्लो होतो."

"डास कुठले मुलखाला गेले होते, तेवढं शोधायचंय."

आम्ही बिशीत गेलो. बिशी म्हणजे लूम कामगारांची खानावळ. महिन्याचं जेवण ठरवून दोन्ही वेळा तिथे खायचं. शुक्रवारी दुपारी सगळी बिशी एकत्र जेवते, कारण त्या दिवशी गोश्त असतं. बिशी चालवणाऱ्या बाईंना आम्ही विचारलं, शुक्रवारी दुपारी जेवायला न येणारा कोणी आहे का?

"शुक्रवार को?" त्या हसल्या. "साहब, शुक्रवार को तो मुर्दा भी उठ के आ जाए." मग हातातली पळी थांबली. "एक है. पूरे महीने का पैसा देता है और शुक्रवार को दोपहर में आता ही नहीं. बोलता है डॉक्टर ने गोश्त मना किया. पर इतवार को भेजा-फ्राय माँगता है."

"कौन?"

"आपका ही आदमी है. चायवाला."

हवालदार माझ्याकडे बघत नव्हते, आणि मला बरं वाटलं की बघत नव्हते.

पुढच्या शुक्रवारी साध्या कपड्यातली दोन माणसं गाळ्यांच्या मागे ठेवली. तो मोटार गोणपाटात घालून बाहेर पडताना सापडला. आधीच्या मोटारी शेलारच्या बाजूच्या एका भंगारवाल्याकडे फोडलेल्या मिळाल्या. चौकशीत हात लावायची गरज पडली नाही. मी एकच विचारलं, "एक भी चोरी नहीं होगी, असं इतक्या खात्रीने कसं बोललास?"

तो म्हणाला, "मैं तो जा ही रहा था, साहब." मग म्हणाला, "आपने पूछा कहाँ कि क्यों नहीं होगी."

इथवरची हकीकत मी पूर्वी मित्रांना सांगितली आहे, आणि त्यांनी ती तपासाची चांगली गोष्ट म्हणून ऐकली आहे. पुढचं मी कधी सांगितलेलं नाही.

वाइंडिंगवाल्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात गेला, तो मोकळा झाला. मोहल्ला समितीची बैठक होती. मी वरिष्ठांना म्हटलं, आपली चूक झाली हे तिथे सांगायला हवं. ते म्हणाले, "कागदावर झालंय ना? मग माइकवर कशाला? लोकांचा पोलिसांवर नुकताच विश्वास बसायला लागलाय."

बैठकीत मी उठलो. मोटारींच्या चोरीतला आरोपी मुद्देमालासह पकडला आहे, आता काळजी नको, असं म्हणालो. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर चाचांनी विचारलं, "म्हणजे साहेब, दोघे होते तर?"

त्यांनी सरळ मनाने विचारलं होतं. सगळी सतरंजी माझ्याकडे बघत होती. समोर पाण्याचा पेला होता. मी पाणी प्यायलो. पेला खाली ठेवेपर्यंत कोणीतरी रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय काढला, आणि चाचांना माझ्या गप्प राहण्यात 'हो' असं उत्तर मिळालं.

त्यानंतर गाळ्यांतून त्याला कोणी बोलावलं नाही. मी मला सुचला तो उपाय केला. ठाण्याच्या पाण्याच्या पंपाची मोटार जळली होती. ती जीपमध्ये घालून मी स्वतः त्याच्या दुकानी गेलो. लोकांनी बघावं, पोलीस याच्यावर भरवसा ठेवतात, असा विचार. त्याने मोटारीकडे पाहिलं, मग जीपकडे.

"साहेब, तुमचं काम नको. जीप दारात उभी राहिली की गिऱ्हाईक तिकडनंच परत फिरतंय."

आतून त्याची बायको बाहेर आली. कपाळावरचा व्रण अजून लाल होता. म्हणाली, "मी सांगितलं होतं, खात्री झाली तर येऊन सांगा. मला न्हाय सांगितलं तरी चालंल आता. चाचांना सांगा."

मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. दोन महिन्यांत माझी बदली झाली, आणि बदलीचा मला आनंद झाला, हेही लिहून टाकतो. ते कुटुंब दुकान बंद करून वज्रेश्वरीला गेलं, असं पुढे कळलं. मी तिकडच्या बसमध्ये दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा आधीच्याच थांब्यावर उतरलो. चाचा वारले तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो.

नोकरीत पुढे अनेक बैठकांना बसलो. अमुक भागात गुन्हे कमी झाले असं कोणी वाचलं की माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा, गावाला कोण गेलंय? शेजारचे अधिकारी मला तिरसट समजायचे. तरुण पोलिसांना मी एवढंच सांगेन, की वस्ती शांत झाली तर कारण शोधा. आणि ज्याला धरून ती शांत झाली असं तुम्ही जाहीर केलंत, तो निरपराध निघाला, तर ते त्याच सतरंजीवर, तितक्याच मोठ्या आवाजात सांगा. कोर्टाचा कागद वस्ती वाचत नाही.

चाचांच्या बरोबर त्या सतरंजीवर बसलेल्यांपैकी काही जण अजून भिवंडीत असतील. त्यांच्यासाठी, तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर देतो.

नाही चाचा, दोघे नव्हते. एकच होता, आणि तो टेमघरचा नव्हता.