फुगलेल्या तळावर

माझं डोकं आणि दोन्ही हात टँकच्या आत होते. बाकीचा मी बाहेर, ऑक्टोबरच्या उन्हात. मॅनहोल, म्हणजे माणसाला आत जाता यावं म्हणून टँकच्या भिंतीला ठेवलेलं गोल भोक, पाचशे मिलिमीटरचं मीच ठेवलं होतं. ड्रॉइंगमध्ये ते फार सुबक दिसतं.

"साहेब, एक खांदा आधी घ्या," गभणे मॅडम आतून म्हणाल्या. त्या या खाद्यतेलाच्या कारखान्याच्या प्लांट मॅनेजर. माझ्या आधी त्या सहज आत गेल्या होत्या. "मागून ढकलाले माणूस देऊ काय?"

"नको, येतो मी."

शेवटी माणूस द्यावाच लागला.

आमचं डिझाइन ऑफिस नंदनवन नावाच्या वस्तीत आहे. तेलाच्या, पाण्याच्या, मळीच्या पोलादी टाक्या कशा बांधायच्या ते आम्ही कागदावर ठरवतो. त्यातही टँकचा तळ हा माझा खास विषय. नव्या इंजिनियरांना मी तळावर लेक्चर देतो. पण स्वतः डिझाइन केलेल्या तळावर मी कधी उभा राहिलो नव्हतो. टँक बाहेरून पाहिलेल्या. तेही उद्घाटनाला, हातात पोह्यांची प्लेट घेऊन.

आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला होता. "साहेब, नव्या टँकचा तळ फुगला. वर चाललं की वाजून राहिला."

मी तज्ज्ञाचा आवाज काढला. "मॅडम, थोडा फुगवटा येतोच. तेल भरलं की बसतो."

"मग हेच इथं येऊन, पाहून सांगा. गळालं तर तेल आमचं जाणार आहे जमिनीत."

म्हणून मी उमरेड रोडवरच्या त्या कारखान्यात आलो होतो.

टँकचा तळ म्हणजे एक अखंड पत्रा नसतो. एवढा मोठा पत्रा मिळतच नाही. कौलं जशी एकावर एक चढवतात, तशा बऱ्याच प्लेटा एकमेकींवर थोड्या चढवून अंथरतात आणि वरून वेल्ड करतात. खालून वेल्ड करायला जागाच नसते, खाली वाळूचा पाया असतो. कडेला, भिंतीच्या खाली, जाड प्लेटांची एक रिंग असते, कारण भिंतीचं वजन तिच्यावर येतं.

आता गंमत अशी की वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि प्लेटला ओढतो. प्लेटच्या कडा मोकळ्या असल्या तर ती सरकते आणि प्रश्न मिटतो. म्हणून मधल्या प्लेटा आधी जोडायच्या आणि रिंगशी जोड सगळ्यात शेवटी मारायचा. रिंग आधी जोडली तर प्लेटला सरकायला जागा उरत नाही. मग ती वर उठते. हे लेक्चर मी डोळे मिटून देऊ शकतो.

त्या दिवशी डोळे उघडे होते. मी आत उभा राहिलो, कपडे झटकले आणि ऐटीत चार पावलं टाकली. पाचव्या पावलाला पायाखालची प्लेट ढप्प करून खाली गेली आणि मॅडमच्या बाजूला दुसरी वर आली. माझा गुडघा वाकला तो वाकलाच. मी जवळ असलेल्या एकमेव आधाराला धरलं. त्या मॅडम होत्या.

"हाच काय थोडा फुगवटा?" त्यांनी विचारलं.

कॉन्ट्रॅक्टर बोंद्रे मॅनहोलशी उभे होते. मी विचारलं, "रिंगचा जोड आधी मारला का?"

"हो ना. एकदा कडा पक्क्या झाल्या की मंधातलं काम आरामात होते," ते म्हणाले. "काहून? मजबूतच आहे ना."

मजबूत होतंच. तोच प्रश्न होता.

मी बाहेर येऊन (पुन्हा माणूस लागला) आमच्या बॉसना फोन केला. ते म्हणाले, "देशकर, ओके सांग आणि परत ये. प्रत्येक तळ थोडा वाजतो."

"सर, हा थोडा नाही. माझ्या गुडघ्याला कळला."

"गुडघा डिझाइनच्या नियमांत, कोडमध्ये बसतो का?"

बसत नव्हता. पण फुगवट्याखाली पोकळी होती. तेल भरलं की प्लेट खाली बसणार, रिकामं केलं की परत उठणार. तार वाकवून सरळ केली, परत वाकवली, की ती कुठेतरी तुटते. इथे तुटणार तो वेल्ड, आणि तोही सगळ्यांच्या नजरेआड. तेल गायब व्हायला लागेल तेव्हाच कळेल. सरांना मी म्हटलं, "ओके तुम्ही येऊन सांगा, मॅनहोल उघडंच आहे." सरांची अंगकाठी माझ्यापेक्षा भारी. ते म्हणाले, "बघ, तुला योग्य वाटेल ते कर."

मॅडमना सांगणं जास्त अवघड होतं. सोयाबीनचा सीझन सुरू झालेला, जुन्या टाक्या भरत आलेल्या. ही टँक मिळाली नाही तर मशिनं थांबवावी लागणार होती.

"रिंगचा जोड एका बाजूने कापावा लागेल," मी म्हणालो.

त्यांनी जुन्या टाक्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "काल फोनवर तर तुम्ही वेगळं सांगितलं."

"काल मी आत नव्हतो."

"आन् कापूनही बसला नाही तर?"

"तर मधला एक जोडही कापू. बसेल."

हे 'बसेल' मी ज्या ठामपणे म्हणालो, त्याचा शंभरावा हिस्साही माझ्यात नव्हता. रिंग कापल्यावर प्लेट बसते हे मी वाचलं होतं.

बोंद्रे कुरकुरत तयार झाले. कुठे कापायचं ते ठरवायला फुगवट्याची हद्द कळायला हवी होती. मी तळभर चालायचं, प्लेट दबेल तिथे मॅडमनी खडूने रेघ मारायची, असं ठरलं. हे काम माझ्याकडे आलं ते ज्ञानामुळे नाही. जमलेल्यांत सर्वांत जड मीच होतो.

मग कटिंग सुरू झालं. मी आतच थांबलो. भीती दिसू नये म्हणून हात पाठीमागे बांधून. थोडा वेळ काही झालं नाही. नंतर धडाम असा आवाज झाला आणि टँकभर घुमला. अडकलेली प्लेट सुटली होती. हे व्हायलाच हवं होतं, मीच ते सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. तरी माझं भान परत आलं तेव्हा मी मॅनहोलच्या बाहेर होतो. या वेळी ढकलायला कोणी लागलं नाही.

"साहेब, या आत," मॅडम म्हणाल्या. "बसली ते."

पूर्ण बसली नव्हती. मधला एक जोडही कापावा लागला. दोन्ही जोड परत मारले ते सलग नाही, थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्ये थंड होऊ देत. मग जोडावर साबणाचं पाणी लावून, वर खालून उघडा काचेचा डबा ठेवून, आतली हवा खेचून पाहिली. गळती असेल तिथे बुडबुडे येतात. आले नाहीत. पाणी भरलं, रिकामं केलं. मध्यावर तळहाताएवढ्या जागेत किंचित उंचवटा राहिला होता. तो मला आवडला नाही, पण मी त्याच्यावर उभा राहिलो, उड्याही मारल्या, आणि तो गप्प राहिला. तेल आत गेलं तेव्हा मशिनं थांबायला फार वेळ उरला नव्हता.

त्या टँकबद्दल मला पुढे कोणीच काही विचारलं नाही. तळाचं यापेक्षा मोठं कौतुक होत नाही.

आता कुठल्याही टँकच्या तळाचं वेल्डिंग सुरू होताना मी साइटवर जातो. तिथे विशेष काही करत नाही. हेल्मेट घालून उभा राहतो, चहा घेतो आणि अधूनमधून "रिंग शेवटी" एवढं म्हणतो. वेल्डर मान हलवतात आणि मी समोर दिसतो तोपर्यंत तसं करतातही. माझ्या शिक्षणाचा साइटवर होणारा उपयोग एवढाच. म्हणून मी जेवायलाही तिथेच बसतो.