पडशील

माझ्या साडूंनी उभी हयात विमा विकण्यात घालवली. समोरच्याच्या घरचा चहा पिता पिता त्याला मरणाची आठवण करून द्यायची, हा त्यांचा धंदा. निवृत्त झाल्यावर घाबरवायला गिऱ्हाईक उरलं एकच, त्यांची नात. लेक-जावई कामावर गेले की ठकी यांच्या ताब्यात.

या गृहस्थांनी पोर कसं सांभाळलं म्हणाल, तर टेबलाच्या कोपऱ्यांना फडकी बांधली, फरशीवर गादी आणि गादीवर दुलई घातली. चमचा डोळ्यात जाईल म्हणून भरवायचे स्वतः; खडू घशात जाईल म्हणून खडू कपाटात. पोर सोफ्याला धरून जरा उभी राहिली, की यांचा भोंगा सुरू: "पडशील." दीड वर्षाची ठकी चालणं सोडाच, बिस्किटाचा तुकडाही धड चिमटीत धरेना. साडू मात्र छाती फुगवून सांगायचे, आजवर एक ओरखडा नाही. ओरखडा उशीलाही नसतो.

डॉक्टरीणबाईंनी ठकीला तपासलं. हातपाय ठणठणीत होते. तिला जमिनीवर सोडा, चढू द्या, हाताने खाऊ द्या, पडली तर पडू द्या, असं त्यांनी सांगितलं. लेकीने घरी येऊन बापाला बजावलं, की महिनाअखेर फरक दिसला नाही तर ठकी पाळणाघरात. साडूंचं तोंड एवढंसं झालं. ठकी गेली तर दिवसभर त्यांचं ऐकून घेणार कोण? मी तर नाहीच.

रविवारी आम्ही गेलो तेव्हा दुलई-गादी उचललेली होती. ठकी सोफ्याला धरून उभी राहिली, तिने एक हात सोडला. साडूंच्या तोंडून निसटलंच, "पडशील." ठकीने तत्काळ फतकल मारली आणि शाबासकीसाठी आजोबांकडे बघून हसली. पुन्हा उभी, पुन्हा तोच मंत्र, पुन्हा फतकल.

लेक बघतच राहिली. "बाबा, 'पडशील' म्हणजे 'खाली बस' असं वाटतंय तिला. तुमचं ऐकतेय ती."

साडूंनी जीभ चावली, पण त्या जिभेचा भरवसा कोण देणार? शेवटी लेकीने पेला पुढे केला. "गुळणी धरा. आणि थुंकायची नाही."

गाल फुगवून, डोळे वटारून साडू बसले. ठकी उठली. आज्ञा येईना. तिने वाट पाहिली, मग सोफा सोडून एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि कपाळावर आपटली. साडू घशातल्या घशात घुरघुरले. ठकी थोडं रडली, फरशीला हात टेकून उठली आणि थेट त्यांच्या गुडघ्याला येऊन भिडली.

"पाळणाघराला नको म्हणून कळवते," लेक डोळे पुसत म्हणाली.

तेव्हापासून ठकी जागी असेपर्यंत साडूंच्या तोंडात गुळणी असते. आपण बोलत राहावं, त्यांनी मान डोलवावी. इतक्या वर्षांच्या नात्यात त्यांच्याशी गप्पा मारायला एवढी मजा कधीच आली नव्हती.