अर्ध्या मैदानाचे सोनटक्के साहेब

सोनटक्के साहेबांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. दिल्लीत मयूर विहारला आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेतून मी गिऱ्हाइकांचे डबे घेऊन चालले होते. एक प्लास्टिकची तबकडी उडत आली, पिशवीवर आदळली, आमटी सांडली. मी हिंदीत तोंड सोडलं. साहेब धावत आले, सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि खाली बघून मराठीत म्हणाले, "गोडा मसाला घरचा दिसतोय." यावर काय भांडणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच तबकडी माझ्या हातात दिली आणि आता तुम्ही फेका म्हणाले. तेव्हापासून मी खेळते.

साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून आमचं खेळाचं मंडळ हा अंक काढतंय. मी चौथीपर्यंत शिकले. त्यांच्या मंत्रालयातल्या नोकरीबद्दल शिकलेल्यांनी लिहावं. मी मैदानाचं लिहिते.

खेळ सोपा आहे. साखळ्या लावलेली लोखंडी टोपली खांबावर असते, लांबून तबकडी फेकत फेकत तिच्यात पाडायची. कमी फेकीत पोचला तो जिंकला. रिटायर झाल्यावर साहेबांनी सरकारी जागेवर परवानगी काढून अशा नऊ टोपल्या उभ्या केल्या. सकाळचा तो एक तास मी कोणासाठी काही रांधत नाही. तेवढा एकच तास माझा असतो.

मग वीजघरासाठी अर्धी जागा गेली. एका आठवड्यात पत्रे ठोकले. उरलेल्या जागेत आम्ही नऊच्या नऊ टोपल्या कोंबल्या, आणि व्हायचं तेच झालं. फिरायला येणाऱ्या खन्ना आंटींच्या मिस्टरांच्या खांद्याला तबकडी लागली. आंटींनी तक्रार केली. अधिकारी जागा बघायला येणार असं कळलं. ते नाही म्हणाले की खेळ बंद.

मंडळातली तरुण पोरं म्हणाली, आपणही उलट तक्रार करू. माझंही तेच मत होतं.  साहेब सकाळी उठून खन्ना मंडळींबरोबर फिरायला लागले. मला राग आला. आम्ही इथे काळजीत, आणि हे तिकडे गप्पा मारत चालताहेत. नंतर कळलं, लोक कुठून चालतात, कुठे बसतात, कुठे वळतात, ते साहेब बघत होते. सगळे सावली धरूनच चालत.

एका सकाळी त्यांनी चुन्याची रेघ ओढली. भिंतीकडेची कडुनिंबांची पूर्ण पट्टी, म्हणजे मैदानातली होती नव्हती ती सगळी सावली, फिरणाऱ्यांना. उन्हातला भाग आपल्याला. मी सरळ म्हणाले, "साहेब, अर्धी सरकारने नेली, उरलेली तुम्ही वाटून टाका. घरी जाऊन झोपू या."

साहेब म्हणाले, "बाई, ते भांडतायत सावलीसाठी. आपल्याला फेकायला सावली कशाला लागते?"

नऊतल्या तीन टोपल्या त्यांनी स्वतः पहार घेऊन उपटल्या. उरलेल्या सहा अशा लावल्या की प्रत्येक फेक वीजघराच्या पत्र्याकडे जाते, फिरणाऱ्यांकडे आपली पाठ. आणि एकेक टोपली एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून खेळायची, म्हणजे सहाच्या बारा झाल्या. पोरं कुरकुरली, अंतर फारच कमी झालं, यार. साहेबांनी त्यांना उन्हातल्या दोन खुरट्या बाभळींच्या मधून फेकायला लावलं. तिथे जोर चालत नाही, नेम लागतो. पहिल्याच दिवशी पोरांच्या तबकड्या काट्यांत, माझी टोपलीत. मग कोणी कुरकुरलं नाही.

अधिकारी आले. त्यांनी खन्ना आंटींना विचारलं, तक्रार तुमचीच ना. आंटी बाकावरून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "थी. अब नहीं है. पेड़ों वाला हिस्सा हमारा है, बाकी इनका. आप चाय पीजिए." अधिकारी चहा पिऊन गेले. साहेब तिथेच मातीत बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. मी पण बसले. 

माणूस म्हणून साहेब कसे, तेही सांगते. माझे मिस्टर हॉस्पिटलात होते तेव्हा साहेबांनी माझे डबे पोचवले. यूपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोरांचे डबे, तेही उलटसुलट. अंडं न खाणाऱ्याला अंडाकरी. पण एकही पोरगं उपाशी राहिलं नाही, आणि प्रत्येकाची चौकशी करून साहेब रोज संध्याकाळी मला हॉस्पिटलात येऊन सांगत. एक दोषही लिहिते. साहेब समजावायला लागले की थांबत नाहीत. त्यांच्या मिसेस मालतीवहिनी हे कसं सोसतात, त्यांचं त्यांनाच माहीत.

आज आमचा खेळ चालू आहे, माझा तास शाबूत आहे, आणि खन्ना आंटी आमच्या तबकड्या उचलून देतात. साहेब, तुम्ही अजून खूप वर्षं जगा, धडधाकट राहा. सावली तुम्ही देऊन बसलात, तेव्हा ऊन चढायच्या आत येत जा, टोपी घाला आणि पाणी प्या. नाहीतर मी आहेच ओरडायला.