क्लेमेंट आणि न खायचे प्राणी

मनोरी गावात क्लेमेंट मिस्किटाइतका खाडीचा जाणकार दुसरा नाही, असं तो स्वतःच सांगतो. खरं म्हणजे तो खाडीच्या कालवणाचा जाणकार. जन्मभर अंधेरीच्या कारखान्यात फिटर होता, पण तिथल्या एकाही मशीनचं नाव आता त्याला आठवायचं नाही. चिखलातला कुठलाही जीव दाखवा, त्याला चिंच लागते की कोकम, हे मात्र तो झोपेतही सांगेल.

म्हणूनच त्याच्या लेकीला, मेलनीला, धास्ती होती. ती मालाडला शाळेत शिकवते. जानेवारीतल्या एका रविवारी तिने तिथल्या आपल्या सोसायटीतल्या कुटुंबांसाठी आमच्या किनाऱ्यावर खजिन्याचा खेळ ठेवला. चिठ्ठी वाचायची, तिच्यातला प्राणी नाहीतर पक्षी शोधायचा, की पुढची चिठ्ठी मिळणार. वाटाड्या म्हणून तिने बापाला बोलावलं, पण अट घालून.

"पप्पा, कशाचीही चव सांगायची नाही. एकदा जरी बोललास तर परत बोलवणार नाही."

"मी काय खादाड आहे का, बाय?"

बायको गेल्यापासून त्याला कोणी कशाला बोलावत नव्हतं. लेकीने बोलावलं म्हणून हा इतका खूश, की चर्चमध्ये मिस्साला घालायचा शर्ट घालून चिखलात उतरला. गाव हसलं. मीही हसलो, शेजारी आहे, तेवढा हक्क आहे माझा.

ओहोटीला खेळ सुरू झाला. पहिलीच चिठ्ठी होती, "चिखलात उड्या मारणारा मासा." क्लेमेंटने तिवरांच्या मुळाशी बोट दाखवलं.

"निवटी. फार चवि..." त्याने मेलनीकडे पाहिलं. "फार चौकस असते."

मग बिळातून चिंबोरी निघाली. अक्षता नावाची एक चिमुरडी त्याच्या मागेच लागली होती. तिने सगळी माहिती मागितली.

"चिंबोरी अमावास्येला भरलेली असते," क्लेमेंटच्या तोंडून निघून गेलं.

"कशाने?"

"आनंदाने," क्लेमेंट म्हणाला आणि घाम पुसायला लागला.

दगडावरची कालवं आली तेव्हा तर तो पाठ करूनच उभा राहिला. माणसाचे इतके हाल मी उपासाच्या दिवसांतही पाहिले नाहीत.

शेवटची चिठ्ठी होती, "सायबेरियातून आलेला पाहुणा." म्हणजे कुरव, थंडीत आपल्याकडे येणारा समुद्रपक्षी. पण कुरव बसले होते लांब पाण्यात, तांदळाचे दाणे सांडल्यासारखे. पोरं कंटाळली. सोसायटीच्या सेक्रेटरी वसुधाताई, पक्क्या शाकाहारी, म्हणाल्या, "चला, निघू या का?" मेलनीचा चेहरा पडला आणि क्लेमेंटला ते सहन होईना.

तो तडक आपल्या बहिणीकडे, एमिलियाकडे गेला. ती होडीजवळ मासे साफ करत होती. न विचारता त्याने तिची मुंडक्यांची बादली उचलली आणि पाण्याकडे भिरकावली. एमिलियाने दिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही. पण कुरव उठले, सगळेच्या सगळे, आणि ओरडत डोक्यावर आले. पोरं नाचायला लागली. एका कुरवाच्या चोचीतून निसटलेलं बांगड्याचं मुंडकं थेट वसुधाताईंच्या हॅटवर पडलं.

तेवढ्यात अक्षताने, जिला सकाळपासून सगळं कळत होतं, विचारलं, "अंकल, ह्या पक्ष्याला पण खातात का?"

मेलनीने डोळे मिटले.

"नाही गं," क्लेमेंट म्हणाला. "एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला कोण खातं? त्याला जेवायला घालायचं असतं."

वसुधाताईंनी हॅट काढली, मुंडकं दोन बोटांत धरून पाण्यात टाकलं आणि पहिल्यांदाच हसल्या. मेलनीचे डोळे भरून आले होते.

अक्षताचं मात्र संपलं नव्हतं. "मग तुमच्याकडे पाहुण्यांना जेवायला काय घालता?"

क्लेमेंटने ओठ आवळले. मान खाली घातली. शर्टाचं बटण चाचपत उभा राहिला बिचारा. मेलनीने त्याच्याकडे पाहिलं.

"सांग पप्पा," ती म्हणाली. "निवटीपासून सांग."

भरती येऊन पाय भिजायला लागले तरी तो बोलतच होता. वसुधाताईंनी तेवढ्या वेळात दोनदा विचारलं, की हेच सगळं वांग्याचं केलं तर चालेल का.